लिनक्सवरील निष्क्रिय माऊसचे दोषनिदान

लिनक्सवरील निष्क्रिय माऊसचे दोषनिदान म्हणजे लिनक्सवर आधारित मुक्त स्रोत डेस्कटॉप प्रणालीत माऊस हलविला किंवा त्याची कळ दाबली असता पडद्यावर कोणताही परिणाम दिसत नसेल, तर बिघाड नेमका कोठे आहे हे शोधून तो दूर करण्याची पद्धत होय. माऊसचा संकेत पडद्यावरील दर्शकापर्यंत पोहोचण्यापूर्वी अनेक टप्प्यांतून जातो. यांपैकी कोणताही एक टप्पा खंडित झाला, तरी वापरकर्त्याला दिसणारे लक्षण एकच असते: दर्शक हलत नाही. त्यामुळे केवळ लक्षणावरून कारण ठरविता येत नाही. प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र तपासणी करावी लागते. लिनक्समध्ये यांतील बहुतेक टप्प्यांची स्थिती पाहण्यासाठी खुली साधने उपलब्ध आहेत.

माऊस बंद पडला म्हणजे संगणक बंद पडला असे नाही. बहुतेक वेळा कळफलक चालू असतो आणि न साठविलेले काम वाचविता येते. संगणकाची वीज थेट तोडल्यास मात्र ते काम नष्ट होते, आणि बिघाडाचे पुरावे असलेल्या नोंदींपैकी शेवटचा भागही हरवू शकतो.

पार्श्वभूमी

माऊसची संकल्पना अमेरिकी अभियंता डग्लस एंगलबार्ट यांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत मांडली. त्याचा पहिला नमुना बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास तयार केला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत एक्स विंडो प्रणालीचा विकास सुरू झाला; तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली व तीच पुढे लिनक्स डेस्कटॉपचा पाया ठरली. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलची घोषणा ऑगस्ट १९९१ मध्ये केली.

सुरुवातीच्या काळात लिनक्सवर माऊसचा प्रकार, त्याची जोडणी व कळांची संख्या वापरकर्त्यालाच एका संरचना-संचिकेत लिहावी लागे. तेथे एखादी चूक झाली की माऊस निष्क्रिय राही. पुढे यूएसबी जोडणीचा प्रसार झाला, उपकरणे आपोआप ओळखणारी युडेव्ह ही यंत्रणा आली आणि ही गरज जवळपास संपली. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी एक्सला पर्याय म्हणून वेलँड प्रकल्प सुरू केला. वेलँडच्या गरजेतून निर्माण झालेले लिबइनपुट हे सॉफ्टवेअर आज वेलँड व एक्स या दोन्हींसाठी माऊस आणि टचपॅड हाताळते. आता संरचना-संचिकेतील चुका क्वचित आढळतात. ऊर्जाबचत, बिनतारी जोडणी आणि निद्रावस्था यांच्याशी संबंधित बिघाड अधिक दिसतात.

संकेताचा मार्ग

निदानाची पद्धत समजण्यासाठी संकेताचा मार्ग माहीत असणे आवश्यक आहे. यूएसबी माऊसच्या बाबतीत तो पुढीलप्रमाणे असतो.

१. उपकरण: प्रकाशीय माऊसमधील संवेदक खालच्या पृष्ठभागाची सूक्ष्म चित्रे अतिशय वेगाने टिपतो आणि त्यांची तुलना करून हालचाल मोजतो.

२. जोडणी: माऊस स्वतःहून माहिती पाठवत नाही. संगणकातील यूएसबी नियंत्रक त्याला ठरावीक अंतराने विचारणा करतो. साध्या माऊसच्या बाबतीत ही विचारणा सामान्यतः सेकंदाला १२५ वेळा होते.

३. कर्नल: संबंधित ड्रायव्हर ही माहिती वाचून तिचे 'घटनां'मध्ये रूपांतर करतो. 'डेव्ह' या निर्देशिकेखालील 'इनपुट' निर्देशिकेत प्रत्येक उपकरणासाठी 'इव्हेंट' व एक क्रमांक अशा नावाची संचिका असते. या घटना तेथून वाचता येतात.

४. लिबइनपुट: हे सॉफ्टवेअर घटना वाचते, वेगवर्धनाचा हिशेब करते आणि टचपॅडवरील स्पर्शांचा अर्थ लावते.

५. डिस्प्ले सर्व्हर व डेस्कटॉप: एक्स सर्व्हर किंवा वेलँडचा कंपोझिटर दर्शक हलवितो आणि कळ दाबल्याची सूचना योग्य खिडकीला देतो.

पहिले तीन टप्पे डेस्कटॉपवर अवलंबून नसतात. त्यामुळे तिसऱ्या टप्प्यावर संकेत पोहोचतो की नाही, हे पाहिल्यास शोधाचे क्षेत्र एकदम निम्मे होते. तेथे संकेत येत असेल तर माऊस, तार व ड्रायव्हर निर्दोष आहेत. येत नसेल तर डेस्कटॉपच्या सेटिंग्ज तपासण्यात अर्थ नाही.

काम सुरक्षित करणे

तपासणीपूर्वी चालू काम साठविणे आवश्यक असते. बहुतेक कार्यक्रमांत कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबून संचिका साठविता येते. आल्ट व टॅब यांनी एका खिडकीतून दुसरीत जाता येते. टॅब कळेने संवादचौकटीतील पर्याय बदलतात, एंटरने निवड होते आणि एस्केपने उघडा मेन्यू बंद होतो. उजव्या कळेचा मेन्यू शिफ्ट व एफ-१० यांनी उघडतो. आल्ट व एफ-४ यांनी खिडकी बंद करता येते. उबुंटूमध्ये कंट्रोल, आल्ट व टी यांनी टर्मिनल उघडते.

कळफलकालाही प्रतिसाद मिळत नसेल, तर कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळा दाबून केवळ मजकूर दाखविणाऱ्या आभासी कन्सोलवर जाण्याचा प्रयत्न करावा. कन्सोल उघडल्यास प्रणाली जिवंत आहे आणि बिघाड डेस्कटॉपपुरता मर्यादित आहे, असा निष्कर्ष निघतो. मूळ पडद्यावर परतण्यासाठी कंट्रोल व आल्टसोबत एफ-१, एफ-२ किंवा एफ-७ वापरतात. कोणती कळ लागू पडेल हे वितरणावर अवलंबून असते.

कन्सोल उघडला नाही तरी कर्नल बंद पडले असे ठरत नाही. चित्रमय डेस्कटॉप चालू असताना या कळांचा अर्थ डिस्प्ले सर्व्हर लावतो, आणि तोच अडकलेला असू शकतो. कॅप्स लॉकचा दिवा न लागणे हेही याच कारणाने निर्णायक लक्षण नाही. अशा वेळी जाळ्यावरील दुसऱ्या संगणकावरून एसएसएचद्वारे प्रवेश मिळतो का, हे पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. मात्र त्यासाठी ती सेवा आधीपासून चालू असावी लागते.

उपकरणाची तपासणी

सर्वांत सोप्या शक्यता प्रथम तपासल्या जातात.

तारेचा माऊस दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावा. तो पोर्ट हबवरील नसून थेट संगणकावरील असावा. अनेक उपकरणे जोडलेल्या हबला पुरेशी वीज मिळत नसल्यास माऊस मधूनमधून बंद पडतो.

तोच माऊस दुसऱ्या संगणकाला, तसेच दुसरा माऊस याच संगणकाला लावून पाहावा. या दोन प्रयोगांतून दोष माऊसचा की संगणकाचा, हे बहुधा स्पष्ट होते.

माऊसच्या तळाशी असलेला दिवा पाहावा. दृश्य प्रकाश वापरणाऱ्या माऊसचा दिवा विझलेला असल्यास त्याला वीज मिळत नसण्याची शक्यता असते. काही माऊस अवरक्त प्रकाश वापरतात व तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्यांना ही कसोटी लागू होत नाही.

पारदर्शक काच किंवा अतिचकचकीत पृष्ठभागावर साध्या प्रकाशीय संवेदकाला हालचाल ओळखता येत नाही. अशा वेळी कळा चालतात, पण दर्शक हलत नाही. माऊसखाली साधा कागद ठेवून ही शक्यता पडताळता येते.

जुन्या संगणकांवरील गोल, सहा पिनांचा पीएस-२ माऊस हा अपवाद आहे. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली ही जोडणी संगणक चालू असताना काढण्या-घालण्यासाठी बनविलेली नाही. अशी जोडणी सैल झाल्यास संगणक रीतसर बंद करून ती नीट बसवावी आणि मग तो पुन्हा सुरू करावा.

कर्नलची तपासणी

या व पुढील विभागांत आज्ञांची नावे देवनागरीत, काही ठिकाणी अक्षरशः सुटी करून, दिली आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्या लागतात.

'एल-एस-यू-एस-बी' ही आज्ञा जोडलेल्या सर्व यूएसबी उपकरणांची यादी देते. माऊस किंवा बिनतारी माऊसचा ग्राहक या यादीत नसेल, तर संगणकाने उपकरण ओळखलेलेच नाही.

'डी-एम-ई-एस-जी' ही आज्ञा कर्नलचे संदेश दाखविते. काही वितरणांत त्यासाठी प्रशासकीय अधिकार लागतात. माऊस काढून पुन्हा लावल्यावर येथे नवे यूएसबी उपकरण सापडल्याची नोंद दिसावयास हवी. नोंदच आली नाही, तर तार, पोर्ट किंवा माऊस यांत दोष असण्याची शक्यता मोठी असते. उणे ७१ हा त्रुटी-क्रमांक संवादातील नियमभंग दर्शवितो, तर उणे ११० म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न मिळणे. हे दोन्ही क्रमांक वारंवार दिसल्यास खराब तार, सैल पोर्ट किंवा अपुरा वीजपुरवठा यांचा संशय घ्यावा.

'ई-व्ही-टेस्ट' हे छोटे साधन 'इव्हेंट' संचिकेतील घटना थेट पडद्यावर दाखविते. ते प्रशासकीय अधिकाराने चालवून यादीतून माऊस निवडावा आणि तो हलवावा. आकड्यांच्या ओळी वाहू लागल्या, तर कर्नलपर्यंतचा मार्ग मोकळा आहे. वर वर्णन केलेली निम्म्यावरची चाचणी ती हीच.

उपकरण यादीत आहे पण घटना येत नाहीत, अशा स्थितीत ड्रायव्हर काढून पुन्हा बसविला जातो. पीएस-२ पद्धतीने जोडलेल्या माऊस व टचपॅडसाठी 'पीएस-माऊस' हा, तर यूएसबीसाठी 'यूएसबी-एचआयडी' हा ड्रायव्हर-घटक असतो. दुसरा घटक काढताना विशेष काळजी घ्यावी लागते, कारण यूएसबी कळफलकही त्याच घटकावर चालतो. तो काढल्यावर पुन्हा बसविण्याची आज्ञा टंकता येणार नाही. म्हणून काढणे व बसविणे या दोन्ही आज्ञा एकाच ओळीत लिहून मगच एंटर दाबले जाते.

लिबइनपुट व डिस्प्ले सर्व्हरची तपासणी

कर्नलपर्यंत घटना पोहोचत असतील, तर पुढचा टप्पा लिबइनपुटचा. त्याची 'लिस्ट-डिव्हायसेस' ही उपआज्ञा ओळखलेली उपकरणे दाखविते, आणि 'डीबग-इव्हेंट्स' ही उपआज्ञा हालचालींचा अर्थ कसा लावला जात आहे ते दाखविते. डेबियन व उबुंटूमध्ये त्यासाठी लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज बसवावे लागते. उपकरण कर्नलला दिसते पण लिबइनपुटच्या यादीत नाही, असे असल्यास युडेव्हने त्याला 'माऊस' ही खूण दिलेली नसण्याची शक्यता असते.

चालू सत्र एक्सचे आहे की वेलँडचे, हे या टप्प्यावर माहीत असावे लागते. जुन्या मार्गदर्शिकांत सुचविलेली 'एक्स-इनपुट' ही आज्ञा एक्ससाठी आहे. वेलँड सत्रात ती खऱ्या माऊसऐवजी एक आभासी दर्शक दाखविते, त्यामुळे तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो. नोमच्या एक्स सत्रात आल्ट व एफ-२ दाबून 'आर' हे अक्षर दिल्यास उघड्या खिडक्या न गमावता डेस्कटॉपचे कवच पुन्हा सुरू करता येते. वेलँडमध्ये ही सोय नाही. तेथे कवच बंद झाल्यास संपूर्ण सत्र संपते.

दर्शक हलतो, पण कळ दाबण्याचा परिणाम होत नाही, हा वेगळा बिघाड आहे. एक्समध्ये एखादा कार्यक्रम दर्शकाचा ताबा स्वतःकडे घेऊ शकतो. तो कार्यक्रम अडकला की इतर खिडक्यांना कळ दाबल्याची सूचना मिळत नाही. प्रथम एस्केप दाबून पाहावे. उपयोग न झाल्यास आभासी कन्सोलवरून फक्त तो कार्यक्रम थांबवावा.

वारंवार आढळणारी कारणे

ऊर्जाबचत: वापरात नसलेल्या यूएसबी उपकरणाला कर्नल झोपवू शकते. हबव्यतिरिक्त इतर उपकरणांसाठी कर्नल हे स्वतःहून करत नाही. पण ऊर्जा वाचविणारी काही साधने ही सोय सुरू करतात. मूळ प्रतीक्षाकाल दोन सेकंदांचा असतो. काही माऊस केवळ हलविल्याने जागे होत नाहीत, त्यांची कळ दाबावी लागते. थोडा वेळ थांबल्यावर माऊस गोठतो आणि कळ दाबताच चालू लागतो, हे या कारणाचे ठळक लक्षण होय. त्या उपकरणाच्या 'पॉवर' निर्देशिकेतील 'कंट्रोल' संचिकेत 'ऑटो'ऐवजी 'ऑन' लिहिल्यास झोपणे थांबते. ही दुरुस्ती संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते. ती कायम ठेवण्यासाठी युडेव्हचा नियम लिहावा लागतो किंवा संबंधित साधनात माऊसला वगळावे लागते.

बिनतारी माऊस: विजेरी संपणे हे सर्वांत साधे कारण आहे. त्याखेरीज, अनेक बिनतारी माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. यूएसबी ३.० पोर्ट व तारांतून याच पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात दाखविले आहे. बाह्य हार्ड डिस्क चालू असतानाच माऊस अडखळत असेल, तर ग्राहक छोट्या जोडतारेने त्या पोर्टपासून दूर नेणे हा उपाय आहे.

ब्लूटूथ: 'आर-एफ-किल' ही आज्ञा ब्लूटूथ बंद केलेले आहे का ते सांगते. एकाच संगणकावर दोन संचालन प्रणाली असल्यास आणखी एक अडचण येते. दुसऱ्या प्रणालीत माऊस नव्याने जोडला की गुप्तकिल्ली बदलते व लिनक्समधील जुनी जोडणी निरुपयोगी होते. तेव्हा जुनी नोंद काढून माऊस पुन्हा जोडावा लागतो.

टचपॅड: लॅपटॉपवर एखादी विशेष कळ चुकून दाबल्याने टचपॅड बंद होऊ शकतो. 'बाह्य माऊस असताना टचपॅड बंद' असा पर्यायही डेस्कटॉपमध्ये असू शकतो. हा पर्याय निवडलेला असेल आणि बिनतारी माऊसचा ग्राहक पोर्टमध्येच राहिला असेल, तर प्रणालीच्या दृष्टीने माऊस उपस्थित असतो. अशा वेळी माऊसची विजेरी संपली की दोन्ही साधने एकदम निष्क्रिय झाल्यासारखी वाटतात. ग्राहक काढताच टचपॅड चालू होतो.

निद्रावस्था: संगणक झोपेतून जागा झाल्यावर एखादे उपकरण नीट सुरू होत नाही. यूएसबी माऊस काढून पुन्हा लावणे आणि टचपॅडचा ड्रायव्हर पुन्हा बसविणे हे यावरील तात्पुरते उपाय आहेत. बिघाड कर्नलच्या नव्या आवृत्तीनंतर सुरू झाला असल्यास संगणक सुरू करताना मेन्यूतून जुनी आवृत्ती निवडून तुलना केली जाते.

मराठी कळफलक वापरताना

माऊस बंद असताना सर्व भिस्त कळफलकावर असते. मराठी इन्स्क्रिप्ट किंवा अन्य देवनागरी मांडणी चालू असल्यास टर्मिनलमध्ये आज्ञा टंकता येत नाहीत. आधी रोमन मांडणी निवडावी लागते. नोममध्ये सुपर व स्पेस या कळांनी मांडणी बदलते. लिनक्सच्या आभासी कन्सोलमध्ये देवनागरी अक्षरे नीट उमटत नाहीत, त्यामुळे मराठी नावांच्या संचिका तेथे निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. ही संचिका खराब झाल्याची खूण नव्हे. डेस्कटॉपची भाषा मराठी असली, तरी कर्नलचे संदेश इंग्रजीतच येतात.

माऊसविना वापर

दुसरा माऊस मिळेपर्यंत कळफलकावरील अंकपट्टीने दर्शक हलविता येतो. नोम व केडीई प्लाझ्मा या दोन्ही डेस्कटॉपमध्ये सुलभता विभागात 'माऊस कळा' हा पर्याय आहे. तो सुरू केल्यावर ८, २, ४ व ६ या कळांनी दर्शक वर, खाली, डावीकडे व उजवीकडे सरकतो, आणि ५ ही कळ माऊसच्या कळेचे काम करते. हाताच्या व्याधीमुळे माऊस धरता न येणाऱ्या व्यक्तींसाठी ही केवळ तात्पुरती सोय नसून संगणक वापरण्याचे नेहमीचे साधन असते.

शेवटचा उपाय

प्रणाली कोणत्याही मार्गाने प्रतिसाद देत नसेल, तर वीज तोडण्यापूर्वी कर्नलची आपत्कालीन सोय वापरता येते. आल्ट व सिस-आर-क्यू या कळा दाबून ठेवून एस, यू व बी ही अक्षरे थोड्या अंतराने क्रमाने दाबली जातात. 'एस'मुळे स्मृतीत थांबलेली माहिती डिस्कवर लिहिली जाते, 'यू'मुळे संचिका-व्यवस्था केवळ वाचनासाठी उरते आणि 'बी'मुळे संगणक पुन्हा सुरू होतो. यामुळे संचिका-व्यवस्था सुरक्षित राहण्यास मदत होते. मात्र कार्यक्रमात न साठविलेला मजकूर वाचत नाही. वितरणानुसार या सोयीवर मर्यादा असतात. उबुंटूमध्ये तिचे मूळ मूल्य १७६ असून त्यात नेमक्या याच तीन क्रियांना परवानगी आहे.

पुन्हा सुरू केल्यावर माऊस चालू लागला, तरी निदान झाले असे म्हणता येत नाही. 'जर्नल-सीटीएल' या आज्ञेने मागील सत्राच्या नोंदी पाहिल्यास बिघाडाच्या वेळचे संदेश मिळू शकतात. तीच अडचण पुन्हा आल्यास यूएसबी काडीवरून वितरणाचे थेट सत्र चालवून पाहतात. त्या सत्रात माऊस चालला तर दोष बसविलेल्या प्रणालीत आहे. तेथेही तो चालला नाही आणि दुसरा माऊसही त्या संगणकावर चालत नसेल, तर पोर्ट किंवा यूएसबी नियंत्रकाकडे लक्ष द्यावे लागते.